मुद्देमालाचा पोळा

गोंदियाच्या ठाण्यात जप्तीचा माल कसा ठेवत, हे मला ऐकून नाही, पाहून माहीत आहे. नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत पत्रकं वाटली म्हणून मला एकदा धरून नेलं होतं, आणि कोठडीच्या गजांतून समोरच मालखान्याचं दार दिसे. आत कुऱ्हाडी, काठ्या, मोहाच्या दारूची मडकी, पाण्याचे पितळी गुंड, एक सायकल, कुणाची तरी ढोलकी. प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली आणि गाठीवर लाखेचा शिक्का. लाख आमच्याच जंगलातली, पळसावरची. पुढं हजेरीला जाई तेव्हा पाहिलं, वैशाखात पत्र्याखाली ती अशी पाघळायची की शिक्क्यावरचा मुकुट पसरून त्याची भाकर व्हायची. चिठ्ठ्या वाळवी खाई. माझ्याकडून जप्त केलेल्या पत्रकांचा गठ्ठाही त्याच खोलीत पडला होता. त्यात उंदरीण व्याली. सरकारनं माझ्या लिखाणाचा केलेला तो एकमेव उपयोग.

हे मी थट्टा म्हणून लिहीत नाही. त्या खोलीतल्या एकेका वस्तूवर कुणाची तरी शिक्षा किंवा सुटका टांगलेली असे. कुऱ्हाडीची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली की कुऱ्हाड कुणाची हे सांगायला उरतो फक्त ठाणेदाराच्या तोंडचा शब्द. राज्य गोऱ्याचं होतं हे खरं, पण मालखान्याची किल्ली आपल्याच माणसाच्या कमरेला होती. मी हे तेव्हाही छापलं होतं. आमच्या चळवळीतल्या थोरांना ते आवडलं नव्हतं. न आवडो.

पण हा झाला निर्जीव माल. मला सांगायचं आहे ते चारा खाणाऱ्या मालाबद्दल.

फुलचूरच्या पलीकडं, दोनेक कोसांवरच्या एका खेड्यात एक पोवार बाई राहत असे. विधवा. धानाची जमीन तिची स्वतःची आणि कसणारीही ती स्वतःच. माझ्या आईच्या माहेरची, म्हणून मी तिला मावशी म्हणे. एका शिवरात्रीला अर्धा गाव नागऱ्याला गेला, तीही गेली, आणि परत येते तो गोठ्यात पांढऱ्या बैलांची जोडी नाही. पुढं होळीच्या सुमारास जोडी सापडली, बालाघाटच्या वाटेवर, एका ढोरांच्या व्यापाऱ्याजवळ. पोलिसांनी पंचनामा केला. दोन्ही बैल पांढरे. दोघांच्या पुठ्ठ्यांवर डाग, पण तसले डाग आमच्याकडं दुखण्यावर इलाज म्हणून सगळ्याच बैलांना देतात. म्हणजे ओळखायला काही नाही. खूण एकच होती. एका बैलाच्या डाव्या शिंगाला, बुडापासून चार बोटांवर, दोरी बसेल एवढी खाच. गोऱ्हा असताना साखळीला ओढ घेऊन घेऊन पडलेली. तेवढी पंचनाम्यात नीट लिहिली गेली.

व्यापाऱ्यानं बाजाराची पावती काढून दाखवली. तीत लिहिलेलं: पांढरी जोडी, शिंगं साफ. पावती खरीच होती, पण दुसऱ्या जोडीची. ती जोडी त्यानं केव्हाच विकली होती आणि पावती जपून ठेवली होती. ढोरं चोरणाऱ्यांची ही जुनी रीत; एकाच पावतीवर ते कितीतरी जोड्या पचवतात. मात्र खाच असलेला बैल ‘शिंगं साफ’ म्हणून पचत नाही. मावशीची सगळी फिर्याद त्या एका खाचेत मावली होती.

मॅजिस्ट्रेटपुढं दोघंही म्हणाले, बैल माझे. मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत बैल कोणालाच नाहीत, ते सरकारच्या ताब्यात राहतील. व्यापाऱ्याला जामीन मिळाला. बैलांना जामीन राहायला कोण पुढं येणार? ते ठाण्यालगतच्या कोंडवाड्यात गेले.

मावशी माझ्याकडं आली ती रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या, तोंडावर. मी तेव्हा एका छापखान्यात खिळे जुळवत असे. पावसानं भिजलेली, लुगड्याचा काष्टा चिखलानं भरलेला, ती सरळ आत आली आणि कागदाच्या रिमांवरच बसली.

“काऊन गा बाबू, तो चोट्टा घरी आहे न?”

“जामिनावर सुटलाय.”

“मंग माहे बैल कायले कोंडून राहिले? त्यायनं काय चोरलं?”

“ते मुद्देमाल आहेत, मावशी. पुरावा.”

“पुरावा आहे तं कागदात ठेवा म्हना. धानाच्या बांधीत चिखल कोन करन, ठानेदार?”

छापखान्याचा मालक हसला. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात पत्रक निघालं. मथळा मोठ्या खिळ्यांत: चोर जामिनावर, बैल कोठडीत. खाली मी सरळ विचारलं होतं की ज्याची चोरी झाली त्याचं शेत पडीक पाडायचं आणि ज्यानं केली त्याला घरी पाठवायचं, हा कुठला न्याय? बैल सांभाळायलाच हवेत तर ज्याच्या घरी गोठा आहे त्याच्याच जबाबदारीवर का देत नाही? आणि शेवटी एक ओळ घातली: बैलांच्या खुराकीतलं किती बैलांच्या पोटात जातं आणि किती हवालदाराच्या?

कोंडवाडा एका हवालदाराकडं होता. पन्नाशीचा, छत्तीसगडकडचा, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. बोलायचा गोंदियाच्या बाजारात बोलतात त्या हिंदीत. कोठडीतून सुटल्यापासून मला दर सोमवारी ठाण्यावर हजेरी लावावी लागे. पत्रकानंतरच्या सोमवारी त्यानं मला हाताला धरून कोंडवाड्याकडं नेलं.

“पर्चे में मेरा पेट छापा है आपने, बाबू?”

“प्रश्न विचारलाय. उत्तर द्यायचं तर द्या.”

“उत्तर वो देखो, खड़ा है।”

मी पाहिलं. बैल भरलेले होते. अंगं धुतलेली, खालची जमीन कोरडी, गव्हाणीत धानगिरणीतला कोंडा. पेज तो स्वतःच्या घरून आणत असे, हे मला ठाण्यातल्या दुसऱ्या शिपायानं सांगितलं. हवालदार जवळ जाताच खाचेचा बैल त्याच्या कोटाचा खिसा चाटू लागला. खिशात सैंधवाचा खडा होता.

“बिगाड़ दिया है मैंने इसको,” तो म्हणाला, आणि ते सांगताना त्याला लाज वाटत नव्हती.

मी पत्रकातली ओळ मागं घेतली नाही. आजही घेत नाही. एका माणसाला बैलाचा लळा आहे म्हणून सरकारची व्यवस्था चांगली ठरत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तर बैलांची हाडं मोजता आली असती. माझा प्रश्न व्यवस्थेला होता. पोट त्याचं छापलं गेलं, कारण व्यवस्थेला पोट नसतं.

रोवणी गेली. मावशीनं दुसऱ्यांचे बैल मोकळे होण्याची वाट पाहत पाहत उशिरा धान लावलं, तेही निम्म्याच बांध्यांत. उरलेल्या बांध्यांत गवत. तारखा पडत राहिल्या. गाडी बैलांवाचून अंगणात उभी, तिच्या चाकाला दोडक्याचा वेल लागला. पुढं कापणी, मग चुरणी, मग धान गिरणीवर नेणं, सगळं बैलांवर. बैल गेले तर जमीन बटाईनं द्यायची आणि आपल्याच बांधावर दुसऱ्याची वाट पाहत बसायचं. मावशीला मजुरीची भीती नव्हती, ह्या वाट पाहण्याची होती. “माळव्यातून चालत आलेल्या पोवारायची लेक आहो मी,” ती म्हणायची, “अन माह्याच बांधीत दुसऱ्याले इचारून पाय ठेवू?”

पोळा जवळ आला. माझं पत्रक तोवर भंडाऱ्याला जिल्ह्याच्या कोणा साहेबाच्या टेबलावर पोचलं होतं. साहेब कधीही येईल म्हणून ठाणेदारानं हुकूम सोडला: मालखाना झाडा, चिठ्ठ्या नव्या बांधा, जनावरं साफसूफ दिसू द्या. एवढंच. शिंगांचं त्यानं नाव काढलं नव्हतं. पुढं आमच्याच मंडळींतल्या एकानं मला सुनावलं की हे सगळं तुझ्या पत्रकामुळं झालं. पत्रक मी काढलं होतं. शिंगांना हात मी लावला नव्हता.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मावशी पळसाची पानं, हळद, तूप आणि नैवेद्याची टोपली घेऊन आली. बैल कुणाच्याही ताब्यात असोत, पोळ्याला ते उपाशी राहिले तर घराला बरकत नाही, असं तिचं म्हणणं. मला सोबत नेलं, कारण ठाण्यात एकटीनं जायचं नाही आणि मी तिथला नेहमीचाच. हवालदारानं हसतच दार उघडलं. कोंडवाड्याच्या दाराला त्यानं आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. आत दोन्ही बैल उभे, गळ्यात घुंगरांची माळ, अंगावर गेरूचे ठिपके, आणि शिंगं बुडाशी हिरवी, वर लाल, टोकांना बेगड. ऊन पडलं की चमकत होती.

“अगे माय! हे तं नवरदेव दिसून राहिले,” मावशी म्हणाली.

“दूल्हेही तो हैं आज, बाई।”

“कोनं केलं गा येवढं?”

“और कौन करेगा? अपने हाथ से किया। रेलवे के लोको शेड के फिटर से कानस माँग के लाया था।”

मावशी खूश झाली. खरोखर खूश झाली. तिनं खांद्यांना हळदतूप चोळलं, पानांनी शेकल्यासारखं केलं, कपाळाला कुंकू लावलं. मग दरवर्षीच्या सवयीनं तिचा हात डाव्या शिंगाच्या बुडाशी गेला. तिथं थांबला. परत फिरला. तिनं शिंगाच्या मागून बोटं फिरवली, पुढून फिरवली, मग दुसऱ्या बैलाचं शिंग पाहिलं, आपला बैल चुकला की काय म्हणून.

“बाबू,” ती मला म्हणाली, “याची खाच कुठं गेली?”

उत्तर हवालदारानंच दिलं, आणि कौतुकानं दिलं. “वो गड्ढा? घिस दिया। रंग नहीं बैठ रहा था उसमें।”

खाच घालवायची तर भोवतालचं शिंग तिच्या पातळीपर्यंत उतरवावं लागतं. त्यानं ते उतरवलं होतं, सुबक, टोकापर्यंत निमुळतं करत नेलेलं. तिथं शिंग जरा बारीक लागायचं, पण सांगितल्यावरच कळावं इतकं. वर रंगाचा हात.

“अहो, तो खड्डा नव्हता,” मी ओरडलोच. “तो खटला होता! त्या व्यापाऱ्याच्या पावतीत काय लिहिलंय? शिंगं साफ. केलीत ना साफ?”

तो आधी हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी राहिलं आणि बाकीचा चेहरा उतरला. तो गव्हाणीच्या काठावर बसला. खाचेचा बैल, ज्याला आता खाच नव्हती, त्याचा खिसा चाटू लागला.

“पोला था, बाबू,” तो म्हणाला. “बिना सींग घिसे बैल खड़ा करता पोले में? मेरे दरवाज़े पे?”

मावशी चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मीबी दरसाल शिंगं साळून राहिली. पन ते खाच सोडून.” एवढं बोलून तिनं बैलांपुढं नैवेद्य ठेवला, ते खाईपर्यंत उभी राहिली, टोपली उचलली आणि निघाली. फुलचूर येईपर्यंत ती झपझप चालत राहिली. मग म्हणाली, “आता तं चोट्ट्याचीच झाली जोडी.”

पुढच्या हजेरीला मी ठाण्यात गेलो तेव्हा व्हरांड्यात ठाणेदार हवालदाराला झापत होता. ठाणेदार नागपूरकडचा, आवाज मोठा, दार लावायची गरज त्याला वाटली नाही.

“कोर्टात एकच वाक्य बोलायचं. माल जसा आला तसाच आहे. त्याच्यापुढं एक अक्षर बोललास तर पट्टा इथं काढून ठेवायचा.”

“हुजूर, खाच तो थी।”

“होती ना? मग आता नाही. मालखान्यातल्या वस्तूचा आकार बदलतो असं मी कोर्टात सांगू? उद्या प्रत्येक वकील प्रत्येक कुऱ्हाडीबद्दल तेच विचारेल.”

ह्यातली लबाडी लक्षात घ्या. माल जसा आला तसाच आहे असं हवालदार शपथेवर म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच निघतो: खाच कधी नव्हतीच, पंचनामा खोटा, बाई खोटी. ठाण्याची अब्रू राखायला फिर्यादीची अब्रू घालवायची. गुन्ह्याचा पुरावा सांभाळायचा म्हणजे ह्यांच्या मते काय सांभाळायचं? स्वतःचं नाव.

मी हवालदाराला बाहेर गाठलं. खरं सांगा म्हणालो. चार मोठे शब्दही वापरले. पत्रकं लिहून लिहून ते तोंडात बसलेले असतात.

त्यानं ऐकून घेतलं. “आप जेल जाते हो बाबू, तो लौटने पे लोग हार पहनाते हैं। मेरा पट्टा गया तो कौन पहनाएगा? जाओ, पर्चा लिखो।”

मी लिहिलं नाही. लिहून उपयोग नव्हता. खाच पत्रकावर छापून बैलाच्या शिंगावर उमटत नाही.

सुनावणी दिवाळीनंतर लागली, धान कापणीला आलं होतं तेव्हा. कचेरीच्या आवारात चिंचेखाली बैल बांधले होते. रंग उडत आला होता, तरी शिंगं गुळगुळीत. मावशीच्या गावच्या दोघांनी साक्ष दिली की बैल तिचेच. व्यापाऱ्याच्या वकिलानं एकाला विचारलं, तू तिचा कोण? दीर. दुसऱ्याला विचारलं, तू कोणाच्या शेतावर राबतोस? तिच्या. संपलं. पंचांपैकी एक तापानं गेला होता. दुसरा म्हणाला, खाच पाहिली होती. वकिलानं त्याला चिंचेखाली नेऊन म्हटलं, दाखव. तो शिंगाकडं पाहत राहिला.

“पंचनाम्यात खाच आहे, बैलाला नाही,” वकील आत येऊन म्हणाला. “माझ्या अशिलाच्या पावतीत शिंगं साफ आहेत, आणि बैलाचीही साफ आहेत. आता बैल तरी खोटं बोलत नसेल!”

लोक हसले. मावशी उठली. “साहेब, सोडा त्याले. आपल्या मानसाले वळखते का नाई पाहा.”

मॅजिस्ट्रेट वऱ्हाडातला तरुण गृहस्थ होता. त्याला ही कल्पना आवडली असावी, किंवा कंटाळा आला असावा. सगळे बाहेर आले. एका अंगाला मावशी, दुसऱ्या अंगाला व्यापारी, मध्ये बैलाची दोरी सोडली. मावशीनं हाक घातली, तिच्या घरची, तोंडानं टक्‌ टक्‌ करून. बैलानं कान हलवला. तिच्याकडं दोन पावलं आला, आणि मग तो वळला आणि फाटकाजवळ उभ्या असलेल्या हवालदाराकडं चालत गेला. त्याच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं.

आवारात जो हशा झाला तो मी विसरणार नाही. वकिलानं हात जोडले. “हुजूर, बैल पोलीस खात्याचा निघाला!”

“जो चारते त्याच्याकडं जाईन नाई तं का तुह्याकडं येईन?” मावशी कडाडली. “होळीपासून कोंडला त्याले. तो बैल आहे, वकील नाई, का खाल्लं त्याले इसरन!”

पुन्हा हशा. पण मी हवालदाराकडं पाहत होतो. तो हसत नव्हता. बैलाचं तोंड तो खिशातून बाहेर ढकलत होता, हळू, कुणाच्या लक्षात येऊ नये असं, आणि बैल ऐकत नव्हता.

शेवटची साक्ष त्याचीच होती. पोलिसांच्या वतीनं खटला चालवणाऱ्या दरोग्यानं विचारलं, अगदी सवयीनं, कागदावरून मान वर न करता: “मुद्देमाल तुमच्या ताब्यात आला त्याच स्थितीत आज आहे?”

ठाणेदार समोरच्या बाकावर होता. हवालदारानं कोटाचा खिसा चाचपला. दरोग्यानं मान वर केली.

“नहीं हुजूर,” हवालदार म्हणाला.

“काय नाही?”

“उसी हालत में नहीं है। बाएँ सींग में खाच थी। रस्सी बैठ जाए इतनी। मैंने घिस दी।”

वकील ताडकन उठला. “म्हणजे तुम्ही पुरावा नष्ट केलात?”

“सींग साफ किया साहब। पुरावा ध्यान में नहीं आया।”

“बाईनं किती दिले असं बोलायला?”

“उसने तो मुझे खाच का पूछा था। मैं ही बड़ाई मार रहा था कि देखो कैसा चिकना किया।”

मॅजिस्ट्रेटनं लेखणी खाली ठेवली. “घासलं कशाला?”

“पोला था हुजूर।”

वऱ्हाडातल्या माणसाला ह्यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. तो उठला. पुन्हा बाहेर आला, बैलाच्या दोन्ही शिंगांवरून हात फिरवला, आधी उजव्या, मग डाव्या. डाव्याच्या बुडाशी त्याची बोटं थांबली. मावशीची थांबली होती तिथंच. वकील म्हणाला, “शिंग कुठंही बारीक असू शकतं.” मॅजिस्ट्रेट म्हणाला, “असू शकतं. पण आपली नोकरी घालवायला कोणी बारीक शिंग शोधत नाही.”

निकाल दुसऱ्या तारखेला झाला. व्यापाऱ्याला शिक्षा झाली, बैल मावशीला द्यायचे ठरले. निकालपत्रात कोंडवाड्याच्या व्यवस्थेबद्दल एक ओळ होती. जनावरं इतके महिने मालकिणीपासून दूर का ठेवली, तिच्या अर्ध्या बांध्या का पडल्या, ह्याबद्दल एकही नाही. हवालदाराची चौकशी लागली होती. त्याची हवालदारी गेली आणि बदली नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या एका चौकीवर झाली, साधा शिपाई म्हणून. ठाणेदार जागच्या जागी राहिला. हे वाचून कोणाला नवल वाटत असेल तर त्यानं आपल्या गावच्या ठाण्यात एक चक्कर मारावी.

मी दुसरं पत्रक काढायचं ठरवलं होतं. मथळाही जुळवला होता. बैल आणायला मावशीबरोबर कोंडवाड्यात गेलो तेव्हा हवालदाराला तसं सांगितलं. तो आपली वळकटी बांधत होता.

“मत निकालो, बाबू।”

“का? तुमच्यावर अन्याय झालाय.”

“पिछली बार पेट छापा था। अब क्या छापोगे, छाती?”

मावशीच मध्ये पडली. “राहू दे गा. हा मानूस गाव सोडून चालला. त्याच्या मागं कागद कायले फडफडवतो?” मी ते खिळे परत पेटीत टाकले. पटलं म्हणून नाही. ज्याचं पोट आणि छाती होती, तो नको म्हणत होता म्हणून.

बैल कोंडवाड्याबाहेर यायला तयार होईनात. मावशीनं ओढलं, मी मागून हाकललं, खाचेचा बैल दारात पाय रोवून उभा. शेवटी हवालदारानं, म्हणजे त्या दिवसापासून शिपायानं, दोरी हातात घेतली आणि चालू लागला. बैल मागं, मावशी मागं, मी सगळ्यांत मागं. बाजारातून जाताना लोक ओळखून थट्टा करत होते, “क्या हवालदार, मुद्देमाल भाग रहा है क्या?” तो मान हलवून चालत होता.

फुलचूरची वस्ती संपते तिथं तो थांबला. पुढं दोन्ही बाजूंनी कापणीचं धान पिवळं उभं होतं. बैलांनी वास घेतला आणि त्यांचं त्यांनाच कळलं. दोरी ताणू लागले.

“घरापर्यंत चाल,” मावशी म्हणाली. “जेवून जा भाऊ.”

“गाड़ी पकड़नी है, बाई।” त्यानं दोरी तिच्या हातात दिली. मग खिशात हात घालून सैंधवाचा खडा काढला, चाटून चाटून गुळगुळीत झालेला, आणि तिच्या पदरात टाकला. “शाम को देना। नहीं दोगी तो कोट ढूँढेगा।”

मावशीनं तो खडा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग ती बैलांच्या पुढं झाली. त्या वर्षी तिच्या गाडीचं चाक वेलीतून मोकळं करायला मी गेलो होतो. दोडके अजून लागत होते, म्हणून तिनं वेल तोडू दिला नाही, उकलून कुडावर चढवला आणि मग बैल जुंपले.